मतांचा रकाना

माणूस किती मोठा होता, हे तो जिवंत असताना कळत नाही. त्याला उचलायला किती जण आले, यावरून ते ठरतं. म्हणून शहाणा माणूस स्वतःच्या जगण्याची फार काळजी करत नाही. तो दुसऱ्यांच्या मयताला जातो.

हे तत्त्व पुष्कळांना ठाऊक असतं, पण त्याचा श्री. कुओ यांच्याइतका शिस्तीत वापर केलेला दुसरा माणूस मधूने पाहिला नव्हता. मधू दुबईत त्यांच्याकडे नऊ वर्षं नोकरीला होता. व्हिशावर त्याचा हुद्दा ‘टायपिस्ट’ असा होता. प्रत्यक्षात तो टायपिंग करी, बँकेत जाई, स्क्रूचे खोके उतरवून घेई आणि रोज सकाळी शहरात कोण मेलं याची माहिती आणी. हे शेवटचं काम नेमणूकपत्रात ‘व इतर कामे’ या शब्दांखाली येत असे.

कुओसाहेब मूळचे तैवानच्या दक्षिणेकडच्या एका गावचे. (गावाचं नाव मधूला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. साहेबांनाही ‘संगमेश्वर’ म्हणता येत नसे. दोघंही आपापल्या गावाला ‘घर’ म्हणत आणि काम भागत असे.) गावात स्क्रूचे कारखाने, पेरूच्या बागा आणि एकतीस हजार माणसं. १९७८ साली कुओसाहेब तिथल्या नगरपंचायतीवर निवडून आले आणि लागोपाठ चार निवडणुका जिंकून सोळा वर्षं राहिले. या सोळा वर्षांत त्यांनी केलेली कामं अशी: एक पूल (अर्धा, उरलेला अर्धा पलीकडच्या गावाच्या हद्दीत होता), रस्त्यावरचे दोन दिवे आणि तीन हजार दोनशे मयतं.

शेवटच्या आकड्याचा अर्थ असा, की त्या गावात सोळा वर्षांत जो जो मेला, त्या जवळजवळ प्रत्येकाला कुओसाहेब पोहोचवून आले.

तिकडची रीतच तशी होती. लोकप्रतिनिधीने प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मयताला जायचं. लग्न एखादं चुकलं तरी चालतं, कारण लग्नात लोक मजेत असतात आणि कोण आलं नाही हे बघत नाहीत. मयतात लोकांना दुसरं काम नसतं. मांडवात एक निवेदक उभा असतो, तो पाहुण्यांची नावं पुकारतो. नाव पुकारलं की पुढे जायचं, तीनदा वाकायचं, घरच्यांकडे बघून मान हलवायची आणि बाहेर पडायचं. चार मिनिटांचं काम. पण तिकडे मयतालाही पंचांगातला मुहूर्त लागतो, त्यामुळे अशुभ आठवड्यात एकही मयत नाही आणि एका चांगल्या दिवशी नऊ, अशी स्थिती येते. अशा दिवशी कुओसाहेब मोटारसायकल चालू ठेवूनच वाकायला जात.

शिवाय कापडाची पट्टी. पांढरं उभं कापड, त्यावर शाईने चार अक्षरं आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव. मृताचं नाव लहान आणि पाठवणाऱ्याचं दुप्पट मोठं असे. यात गैर काही नव्हतं. मेलं कोण हे जमलेल्यांना माहीतच असतं. कुओसाहेबांकडे अशा पट्ट्या तयार असत, चार प्रकारच्या: म्हाताऱ्यांसाठी, म्हाताऱ्यांच्या बायकांसाठी, अकाली गेलेल्यांसाठी, आणि ज्यांच्याविषयी चांगलं काही सुचत नाही अशांसाठी. चौथ्या प्रकाराचा खप सर्वांत जास्त होता.

१९९४ साली घात झाला. एका शुभ दिवशी अकरा मयतं आली आणि पट्ट्यांची अदलाबदल झाली. एका बदकवाल्याची आई एक्क्याण्णव्या वर्षी गेली होती; तिच्या मांडवात ‘उमलण्याआधीच गळाली’ अशी पट्टी लागली. पाहुणे तोंडावर रुमाल धरून बाहेर जाऊ लागले, आणि ते रडत नव्हते. पुढच्या महिन्यात निवडणूक झाली. बदकवाल्याच्या घरात सात मतं होती (आठवं मत सुनेचं, ती बाळंतपणाला माहेरी गेली होती). सातही जण त्या दिवशी मत न देता बदकांकडे थांबले. कुओसाहेब सहा मतांनी पडले.

पडल्यावर माणूस कुठेतरी जातो. कुओसाहेबांच्या मेहुण्याचा स्क्रूचा कारखाना होता आणि दुबईत तेव्हा जिकडेतिकडे इमारती उभ्या राहत होत्या. साहेबांनी देरा भागात एका गल्लीत ऑफिस उघडलं. घर, बायको आणि मतदार यादीतलं नाव मात्र गावीच ठेवलं. पुन्हा उभं राहायचं, हे पक्कं होतं.

मधू तेव्हा खाडीच्या दुसऱ्या काठाला, बर दुबईत राहत होता. रोज सकाळी आब्रात बसून खाडी ओलांडायची आणि ऑफिसला जायचं. कामाच्या तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला समोर बसवलं. साहेबांना बाजारातली हिंदी येऊ लागली होती.

“मधू, आज कौन?”

“कौन क्या, साहेब?”

“आज कौन खलास?”

मधूला वाटलं, कोणत्या गिऱ्हाइकाचा व्यवहार संपला असं विचारतायत. तसं नव्हतं. साहेबांनी समजावून सांगितलं: तबलजी रोज तबला वाजवतो, पैलवान रोज जोर काढतो, तसा राजकारणातला माणूस रोज वाकला पाहिजे. सवय मोडली की पाठ आखडते. गावी परत उभं राहायचं तर हात चालू राहिला पाहिजे. मेलेला माणूस कुठल्या देशाचा, याने वाकण्यात फरक पडत नाही.

तर्क बिनतोड होता. मधूने शोध सुरू केला. देवळाच्या गल्लीतल्या भिंतीवर चिकटवलेले कागद, मशिदीबाहेरची कुजबुज, कॅफेटेरियातला चहावाला. पण मुख्य बातमीदार यूनुस. यूनुस रत्नागिरीकडचा, पिकअप चालवायचा, आणि त्याच्याच दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मधूने भाड्याने घेतली होती. स्वयंपाकघर एकच, त्यात यूनुसची बायको हव्वाबी आणि मधूची बायको मनोरमा यांची वेळापत्रकं ठरलेली होती आणि दोघीही ती पाळत नसत.

“मधूभाऊ, तुमच्या चिन्याला सांगा, आज खाडीपलीकडं एक हाये,” यूनुस चहा पिताना सांगे.

“चिनी नाही रे, तैवानी.”

“तेच ते. मयताला येतोय ना? मग आपलाच.”

एक वहीही होती. साहेबांनी गावाहून आणलेल्या जुन्या वहीप्रमाणे मधूने रकाने आखले: क्रमांक, नाव, जागा, किती माणसं, किती वेळा वाकलो, मतं. शेवटच्या रकान्यात मधू दर वेळी शून्य लिही. शंभराव्या नोंदीनंतर त्याने सुचवलं, की साहेब, हा रकाना इथे काढून टाकू या.

“नो, नो,” साहेब म्हणाले, “फॉरमॅट है.”

जिथे फॉरमॅट आला, तिथे अक्कल थांबते. रकाना राहिला.

दुबईने कुओसाहेबांना कसं घेतलं, हेही सांगायला हवं. सुरुवातीला लोकांना वाटे, हा मृताचा साहेब असावा. मुहैस्नाहच्या एका लेबर कॅम्पमध्ये वारलेल्या सुतारासाठी साठ माणसं पत्र्याच्या शेडखाली बसली होती; साहेब आत येऊन तीनदा वाकले, तेव्हा त्यातले चार जण उठून त्यांच्यासमोर रजेचे अर्ज घेऊन उभे राहिले. साहेबांनी चारही अर्जांवर सह्या केल्या. (दोघांची रजा मंजूर झाली. कशी, ते कळलं नाही.) मीना बाजारातल्या एका कापडवाल्याच्या वडिलांना साहेबांनी चौथ्या प्रकारची पट्टी दिली. ती कोणालाच वाचता येत नव्हती. कापडवाल्याने ती गल्ल्यामागे लावली आणि धंदा वाढला. पुढे शेजारच्या दोन दुकानदारांनी, घरात सगळे ठणठणीत असताना, तशी पट्टी मिळेल का म्हणून मधूकडे चौकशी केली.

मनोरमाला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं.

“आज कुठे जेवण तुमच्या साहेबांचं?” ती विचारी.

“जेवण नाही ग. मयत आहे.”

“गिधाडाला दोन्ही एकच.”

असं म्हणून ती डब्याचा चौथा पुडा भरी. तीन पुडे मधूचे, चौथा साहेबांचा. थालीपीठ, नाहीतर घावन आणि चटणी. “सारखा लोकांच्या सुतकातून हिंडतो मेला. पोटात घरचं काही जातं की नाही?” साहेब डबा पुसून परत पाठवत. आठ वर्षांत त्यांची आणि मनोरमाची दोनदाच भेट झाली, आणि दोन्ही वेळा ती त्यांच्याशी मराठीत बोलली आणि त्यांनी मान हलवली.

त्या सुताराच्या दिवशी मधू घरी आला, तेव्हा ती भाजी निवडत होती.

“त्याला उचलायला माणसं मिळाली?”

“त्याला पेटीतून गावी पाठवलं. इथे नुसतं बसले होते सगळे.”

“मला पेटीत घालायचं नाही,” मनोरमा म्हणाली. “गावी आहे कोण? एक भाऊ. तो विमानतळावर उशिरा येणार आणि मी पट्ट्यावर फिरत बसणार. जे करायचं ते इथेच करा.” मग देठ बाजूला करत म्हणाली, “पण येतील का हो इथे? चार माणसं?”

“चार काय? मंडळाचे चारशे बारा सभासद आहेत.”

“मी सभासद नाही विचारले. माणसं विचारली.”

मधूला राग आला होता. तो मंडळाचा सहचिटणीस होता. मंडळ म्हणजे आखातात आलेल्या मराठी माणसाला घरासारखं वाटावं म्हणून स्थापन झालेली संस्था. आणि घरासारखं वाटायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथे होत्या: गट, रुसवे आणि खुर्च्या कोणी उचलायच्या यावरून वाद. खुर्च्या मधू उचलायचा. मंडळाच्या गणपतीच्या जेवणाला चारशे बारा सभासदांतून अकराशे माणसं येत. दुःखाच्या प्रसंगासाठी घटनेत कलम चौदा होतं. सभासद वारल्यास दोन मिनिटं स्तब्धता. सभासदाची पत्नी वारल्यास एक मिनिट. कार्यक्रमाला आधीच उशीर झाला असल्यास स्तब्धता मनातल्या मनात पाळावी.

२००२ साल आलं. कुओसाहेबांच्या गावी निवडणूक लागली. १९९८ची त्यांनी हात पुरेसा बसला नाही म्हणून सोडली होती. या वेळी ते तयार होते. वय अठ्ठावन्न, पुढच्या वेळी कोणी विचारणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या सांगण्यानुसार अर्ज उमेदवाराने स्वतः हजर राहून भरायचा होता, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. बुधवारी दुपारी चारचं विमान हाँगकाँगमार्गे वेळेत पोहोचवत होतं. त्यानंतरचं कोणतंच नाही. तिकीट मधूनेच काढलं होतं.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी मनोरमाचं डोकं दुखायला लागलं. दुपारी हॉस्पिटलमध्ये ती वारली. मध्ये सांगण्यासारखं काही नाही.

मंगळवार हा दिवस तिने कोणालाही न विचारता निवडला होता, आणि पुढे त्याचाच त्रास झाला. कागदपत्रं मात्र लवकर झाली. हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांचा कागद, पासपोर्टवर शिक्का, व्हिशावर शिक्का. एरवी कुठल्याही खिडकीवर ‘ज्याचं काम आहे त्याने स्वतः या’ म्हणतात. इथे ती अट नव्हती. एका फॉर्मवर ‘व्हिसा रद्द करण्याचे कारण’ असा रकाना होता. मधू टायपिस्ट होता, पण तो रकाना त्याने हाताने भरला.

स्मशानातल्या रखवालदाराने फोनवर सांगितलं, “उद्या दोन वाजता या. गाडीपासून चाळीस पावलं आहेत. मडकं मी धरीन, पण खांद्याला चार माणसं तुमची आणा.”

मधूने मंडळाची यादी घेतली आणि फोन करायला बसला. पहिला अध्यक्षांना.

“मधू, काय सांगतोस. अरे, परवा तर चकल्या दिल्या होत्या तिने.” अध्यक्षांचा आवाज खरोखर भरून आला. “किती वाजता?”

“उद्या दोन.”

“दोन म्हणजे... बुधवार ना? ऑफिस आहे रे. तू असं कर, धीर सोडू नकोस. ठराव मी स्वतः लिहितो. आणि एक मिनिटाचा नियम बाजूला ठेवू, पूर्ण दोन मिनिटं उभे राहू. कोणी हरकत घेतली तर मी बघतो.”

मधूने त्या संध्याकाळी एकतीस फोन केले. एकतीसही जणांना अतिशय वाईट वाटलं. एकही अपवाद नाही. अडचणी मात्र होत्या. चौदा जण शुक्रवारची सुट्टी असती तर नक्की आले असते. सहा जणांच्या गाड्या गॅरेजमध्ये होत्या. पाच जणांचं मन हळवं होतं आणि त्यांना असलं बघवत नसे. तिघांचं म्हणणं पडलं, की अंत्यविधीला गर्दीत बोलणं होत नाही, त्यापेक्षा नंतर निवांत भेटायला येऊ. दोघांनी ‘इन्शाल्ला’ म्हटलं. दुबईत राहिलेल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. एकाने विचारलं, की शनिवारी नाटकाच्या तालमीच्या खुर्च्या आता कोण लावणार.

यूनुस दारात उभा राहून ऐकत होता. “ठेवा तो फोन, मधूभाऊ. मी हाये. हव्वाबीचा भाऊ इद्रीस हाये, त्याला सांगितलंय. आन तुम्ही. तिघं झाले.”

“चार लागतात, यूनुस.”

“रस्त्यावरनं एक धरून आणू. माणूसच हाये ना, तो पण?”

बुधवारी सकाळी आठला फोन वाजला.

“मधू, ऑफिस नहीं आया. आज कौन?”

मधूने मंडळाची यादी घडी करून बाजूला ठेवली.

“मधू?”

“मनोरमा, साहेब.”

एरवी साहेब यावर ‘खलास?’ विचारत, मधू ‘खलास’ म्हणे, आणि साहेब ‘यल्ला’ म्हणून उठत. या वेळी पलीकडे फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“दो बजे ले जाना है. साहेब, आपका पासपोर्ट टेबल के ड्रॉवर में है,” मधू म्हणाला. “टॅक्सी एक बजे आएगी.”

पलीकडून फोन ठेवला गेला.

दोन वाजता गाडी स्मशानात शिरली. ऊन लागत होतं. फाटकाशी टॅक्सी उभी होती, तिच्यात साहेबांची सुटकेस होती आणि बाहेर कुओसाहेब काळा कोट घालून उभे होते. मधूने घड्याळ पाहिलं. साहेबांनी नाही पाहिलं. ते पुढे आले, तीनदा वाकले आणि मग, वहीतल्या दोनशे अठरा नोंदींत जे कधी केलं नव्हतं ते केलं. बाहेर न पडता तिरडीच्या मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहिले.

“किधर पकडना?” त्यांनी विचारलं.

यूनुस सहा फूट उंच होता आणि साहेब पाच फूट दोन इंच. उचलल्याबरोबर तिरडी साहेबांच्या बाजूला कलली. साहेबांनी टाचा उचलल्या. चाळीस पावलं ते टाचा उचलून चालले. मधू पुढे होता, त्याला मागचं दिसत नव्हतं. पण तिरडी सरळ होती, एवढं त्याला खांद्यावर कळत होतं.

पट्टीही होती. साहेबांनी ती रखवालदाराच्या खिळ्याला लावली. ती चार प्रकारांतली नव्हती. शाई अजून ओली होती. आठ वर्षं पट्ट्या पाहून मधूला एवढं कळत होतं, की खालची जागा रिकामी आहे. साहेबांचं नाव नव्हतं.

“क्या लिखा है?” मधूने विचारलं.

साहेबांनी हिंदी शोधली. “डब्बा... रोज... टाइम पर,” ते म्हणाले. “हमारा भाषा में चार अक्षर.”

विमान वेळेवर सुटलं. कुओसाहेबांचा अर्ज भरला गेला नाही. गावी त्यांच्या जागेवर बदकवाल्याचा जावई बिनविरोध आला. एका मयतात चुकल्यामुळे कारकीर्द गेली होती. दुसरं न चुकवल्यामुळे ती कायमची संपली. राजकारणाच्या अभ्यासकांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

मंडळाने शनिवारी दोन मिनिटं स्तब्धता पाळली. वार्षिक अहवालात तशी नोंद आहे: ‘सौ. मनोरमा यांच्या निधनाने सर्व ४१२ सभासद शोकाकुल झाले.’ आकडा बरोबर आहे; त्यात मधू धरलेला आहे.

पुढच्या वर्षी साहेब ऑफिस मेहुण्याच्या मुलाला देऊन गावी परत गेले. जाताना वही मधूच्या टेबलावर ठेवून गेले. मधूने उघडली. दोनशे एकोणिसावी ओळ साहेबांनी स्वतः लिहिली होती. नाव, जागा. किती माणसं: चार. किती वेळा वाकलो: तीन. मतांच्या रकान्यात शून्य नव्हतं. तिथून खालपर्यंत, पानाच्या शेवटापर्यंत, साहेबांनी फूटपट्टी धरून सरळ रेघ मारली होती. फॉरमॅट रद्द.

मधू अजून त्याच ऑफिसात आहे आणि वही चालू आहे. तो सगळ्यांच्या मयताला जातो. ओळखीच्या, अनोळखी, मंडळाच्या. त्याला पाहून मंडळातल्या बायका हल्ली आपसात म्हणतात, की हा आला गिधाडासारखा. तो तीनदा वाकत नाही, नुसता कोपरा धरतो. यूनुस त्याला पिकअपमधून नेतो.

मतांचा रकाना रिकामा पडला होता. चांगली आखलेली जागा वाया घालवणं मधूच्या स्वभावात नाही, म्हणून त्याने वरचं शीर्षक खोडून नवीन लिहिलं आहे: कोण आलं नाही. या रकान्याला जागा पुरत नाही. चिठ्ठ्या जोडाव्या लागतात.

ज्यांना आपलं नाव कितव्या पानावर आहे हे पाहायचं असेल, त्यांनी देऱ्यातल्या ऑफिसात यावं. दुपारी एक ते चार बंद असतं. येण्याआधी फोन करू नये. फोनवर सगळेच येतात.